विटा कुणी पाडल्या?

प्रश्न : कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरांविषयी वाचल्यापासून अमेरिकेतली टस्कीगी ही शिक्षणसंस्था मनात घर करून आहे. तिथल्या इमारती विद्यार्थ्यांनीच बांधल्या, अगदी विटांसकट, हे खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगदी खरं. अलाबामातल्या या संस्थेचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांचं ‘द ओक्स’ हे घरच घ्या ना. १८९९ सालचं, आराखडा रॉबर्ट टेलर यांचा, विटा मुलांनी पाडलेल्या. आज ते राष्ट्रीय वारसास्थळात येतं.

माझे वडील कृष्णाकाठी वीटभट्टी चालवायचे, त्यामुळे मला घरापेक्षा भट्टीचंच अप्रूप. सुरुवातीला वॉशिंग्टनना या धंद्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली. तिसरी आठवडाभर पेटती ठेवायची होती. विटा हाती येणार असं वाटत असतानाच ती मध्यरात्री ढासळली. अवकाळी पावसात आमचा कच्चा माल विरघळला, तेव्हा वडील दोन दिवस जेवले नव्हते. इथे तर तीन भट्ट्या! खिशात दमडी नाही. मग वॉशिंग्टननी माँटगोमेरीला जाऊन जवळचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ सोडवायची मुदत मात्र टळून गेली.