पेट्रोलच्या पैशात हप्ता निघतो का?

नाशिकच्या वाचकाचं पत्र थोडक्यात असं. राहायला इंदिरानगरला फ्लॅट, नोकरी सिन्नरच्या एमआयडीसीत, जाऊन-येऊन रोज पन्नासेक किलोमीटर. सुट्टीची भटकंती धरून महिन्याचं रनिंग १,५०० किलोमीटर. २०१८ची पेट्रोल हॅचबॅक आहे, अजून कुरकुर नाही. मनात भरलीय एक इलेक्ट्रिक एसयूव्ही, ऑन रोड १५ लाख. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये ३ लाखांना जाईल, ६ लाखांच्या एफडीतले ४ लाख काढायचे आणि ८ लाख कर्ज, पाच वर्षांसाठी. मुलगी यंदा बारावीला. शोरूममध्ये सांगितलं की पेट्रोलच्या पैशातच हप्ता निघतो, वर इन्कम टॅक्समध्ये दीड लाखाची सूट.

नमस्कार. आधी ती सूट निकालात काढू. कलम ८०ईईबीखाली कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट होती हे खरं, पण ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना. तुमचं कर्ज अजून मंजूरच व्हायचंय, म्हणजे हा दीड लाख गणितातून बाहेर. (विक्रेत्यांच्या तोंडी तो अजून आहे. कुणी सांगितला की तारीख विचारायची.)

आता हप्ता. ८ लाख, ९ टक्के, ६० महिने म्हणजे महिन्याला साधारण १६,६०० रुपये. तुमची हॅचबॅक लिटरला १६चं ॲव्हरेज देते म्हणता, पेट्रोल १०४ धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये, महिन्याला ९,७५०. इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगमधली गळती धरून युनिटमागे ६ किलोमीटर, म्हणजे महिन्याला २५० युनिट. युनिट १० रुपयांना पडलं तर २,५००. बचत ७,२५० रुपये. हप्त्याला अजून ९,३५० कमी पडतात, आणि ते दर महिन्याला तुमच्या पगारातून जाणार. शिवाय एफडीतले ४ लाख आणि चालती गाडी हातची गेलेली असेल ती वेगळीच. पेट्रोलच्या पैशात हप्त्याचे रुपयात सात आणे निघतात म्हणू.

युनिटचे १० रुपये मी धरले, पण सगळी मेख तिथेच आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्याचा दर चढा. घरात महिन्याला २०० युनिट जळत असतील आणि त्याच मीटरवर गाडीचे २५० आले, तर त्यातले दीडशे थेट ३००च्या वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. मग चार्जिंगचा खर्च अडीच हजारांचा साडेतीन-चार हजार होतो. उपाय आहे: गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन, त्याचा दर वेगळा आणि टप्प्यांची भानगड नाही. पण तुम्ही फ्लॅटमध्ये राहता. पार्किंगपर्यंत केबल ओढायला सोसायटी लेखी परवानगी देते का, तुमची जागा कागदावर तुमचीच आहे का, हे पत्रात कुठेच नाही. ‘सेक्रेटरी ओळखीचे आहेत’ एवढंच लिहिलंय. कमिटी बदलली की ओळखही बदलते. लेखीच घ्या.

घरी सोय झाली नाही आणि बाहेरच्या फास्ट चार्जरवर भिस्त ठेवावी लागली तर युनिटला २०-२२ रुपये मोजावे लागतात. २५० युनिटचे साडेपाच हजार. मग बचत सव्वाचार हजारांवर येते, वर दर तीन-चार दिवसांनी गाडीपाशी तासभर बसायचं. मी स्वतः तीन वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवतोय आणि शहरात तिच्यासारखं सुख नाही. पण एका दिवाळीत हायवेवरच्या चार्जरपाशी माझ्यापुढे चार गाड्या होत्या आणि दोनपैकी एक मशिन बंद. सौ.ने फराळाचा डबा तिथेच उघडला.

याचा अर्थ इलेक्ट्रिक गाडी महाग पडते असा नाही. तुमचं रनिंग वर्षाला १८,००० किलोमीटर आहे, हे तिच्या बाजूचं फार मोठं माप. आज तुमची गाडी भंगारात निघाली असती तर मी बिनदिक्कत इलेक्ट्रिक घ्या म्हणालो असतो. तेवढ्याच आकाराची नवी पेट्रोल गाडी साडेअकरा लाखांना पडते असं धरू. फरक साडेतीन लाखांचा, वर्षाची बचत ८७,०००. चार वर्षांत फरक वसूल. ज्याचं रनिंग वर्षाला ६,०००च आहे त्याला याच फरकाला बारा वर्षं लागतील.

पण तुमची तुलना नव्या पेट्रोल गाडीशी नाहीच. ती आहे दारात उभ्या असलेल्या, कर्ज फिटलेल्या, २०३३पर्यंत पासिंग असलेल्या गाडीशी. तिच्यापुढे कुठलीही नवी गाडी हरते.

सरकारी सवलतींचं पारडंही नीट पाहा. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर २८ टक्के अधिक उपकरावरून १८वर आला, त्यामुळे पूर्वीइतकं अंतर उरलेलं नाही. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के रोड टॅक्स बसतो, इलेक्ट्रिकला माफ. राज्याच्या २०२५च्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतूवर टोलमाफीही आहे; सिन्नरहून समृद्धी हाकेच्या अंतरावर, तेव्हा तुम्हाला ती उपयोगी. तरी वर्षातून चार फेऱ्यांच्या टोलसाठी कुणी गाडी बदलत नाही.

विम्यात थर्ड पार्टी हप्त्यावर १५ टक्के सूट मिळते, पण गाडीची किंमत जास्त म्हणून स्वतःच्या नुकसानीचा भाग महाग पडतो. सर्व्हिसिंगमध्ये ऑइल-फिल्टर नाही, तिथे वाचतं. मी ही दोन्ही एकमेकांत वजा करून टाकतो.

बॅटरीची भीती मात्र लोक भलत्या जागी बाळगतात. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, तेवढ्यात तुमचं कर्ज कधीच फिटलेलं असेल. खरा फटका विकताना बसतो. ‘लाइफटाइम’ वॉरंटी अनेकदा पहिल्या मालकापुरती असते आणि नवी मॉडेल जास्त रेंजची येत राहतात, म्हणून जुन्या इलेक्ट्रिकला भाव कमी मिळतो. आठ-दहा वर्षं वापरायची तयारी असेल तरच नवी घ्या. उलट दोन-तीन वर्षं वापरलेली घेणाऱ्याचा यात फायदा आहे: घसरण पहिल्याने सोसलेली, वॉरंटीची पाच वर्षं शिल्लक. बॅटरीचा तपासणी अहवाल अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून मागायचा आणि वॉरंटी नावावर होते का ते कागदावर पाहायचं.

तर माझं मत: आत्ता नको. एफडीला हात लावू नका. येत्या जून-जुलैत मुलीची प्रवेशफेरी सुरू होईल. इंजिनिअरिंगची फी, होस्टेलचं डिपॉझिट, लॅपटॉप एकाच महिन्यात येतात, आणि २ लाखांत ते भागलं नाही तर एज्युकेशन लोन काढाल. एका घरात दोन कर्जं, आणि त्यातलं एक चालत्या गाडीच्या जागी घेतलेल्या गाडीचं!

हप्त्याला जे ९,३५० खिशातून घालणार होता ते दर महिन्याला रिकरिंगमध्ये टाका. दोन वर्षांत व्याजासकट २ लाख ४० हजारांच्या आसपास जमतील. त्याआधी फुकटातलं काम उरका: सोसायटीला अर्ज, महावितरणच्या कार्यालयात वेगळ्या कनेक्शनची चौकशी, वायरमनकडून पार्किंगपर्यंतच्या केबलचा अंदाज. ते कागद हातात आले की मला पुन्हा लिहा, आणि पुढच्या पत्रात मुलीला कुठे प्रवेश मिळाला तेही कळवा. वापरलेली घ्यायची की नवी, हे तिच्या फीचा आकडा कळल्यावर ठरवू.