थंडीत तबेला बंद करून टाकू नकोस

अरे थंडी पडली म्हणून तबेल्याच्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या हे आधी डोक्यातून काढ. अंग कोरडं असेल नि पोटभर चारा असेल तर घोड्याला थंडी आपल्यापेक्षा कितीतरी बरी झेपते, खरा त्रास होतो तो कोंदट हवेचा. एक टेस्ट सांगतो, सकाळी दारं उघडायच्या आधी आत जा आणि घोड्याशेजारी खाली बस, नाक गुडघ्याच्या उंचीवर आण, डोळे चुरचुरले की समज ओल्या अंथरुणातून अमोनिया सुटतोय. उभं राहून हे नीट कळत नाही आणि घोडा तर मान खाली घालूनच खातो, झोपतो. छताला आतून पाण्याचे थेंब दिसले तरी हवा अडकलीय असंच समज. गरम हवा वर जाते, तिला आढ्यापाशी बाहेर पडायला फट ठेव आणि वळचणीखाली ताजी हवा यायला जागा, म्हणजे थेट अंगावर झोत येत नाही. पंखे वगैरे नंतर बघू. आणि हो, वाळलं गवत वर माळ्यावर रचू नकोस, धूळ आणि बुरशी सगळी खाली नाकात जाते, मग खोकला नि डॉक्टरच्या चकरा. झाडलोट घोडे बाहेर सोडल्यावरच कर.