किती वेळा उठतात ते राहू दे, किती मिली लघवी होते ते मोजा

तुमचे अप्पा ७२ वर्षांचे, गाव निपाणीजवळ, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. प्रोस्टेटच्या गोळ्या आठ महिने घेऊनही फरक नाही, आणि आता डॉक्टरांनी ‘तीन दिवस वही लिहून आणा’ (कधी किती प्यायले, कधी किती लघवी झाली) म्हणून परत पाठवलंय. गोळी बदलायची सोडून हा कसला गृहपाठ, हा तुमचा राग मला कळतो. मीही असाच चिडलो होतो.

मी खानापूरकडचा. माझी दोन वर्षं अशीच गेली. ‘रात्री किती वेळा?’ ‘चार.’ की गोळी वाढली. दर वेळी होते किती, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. पावसाळ्यात परसातल्या संडासापर्यंत छत्री धरून जाणाऱ्याला मापाचं काय सुचणार!

वही लिहिली तेव्हा उलगडा झाला. दहाला झोपलो, साडेपाचला उठलो. मधे तीनदा २२०, २६०, २४० मिली आणि सकाळची पहिली २३०. बेरीज ९५०. चोवीस तासांची सगळी मिळून १७५०. म्हणजे निम्म्याहून जास्त लघवी झोपेत तयार होत होती. पासष्टीच्या पुढे हा वाटा साधारण ३३ टक्क्यांच्या वर गेला, की रात्री लघवी जास्त बनते असं धरतात. तरुणांत ही मर्यादा २० टक्क्यांच्या आसपास असते. हिशेबात एक गोष्ट हमखास चुकते: झोपायच्या आधी केलेली लघवी दिवसाच्या खात्यात जाते आणि सकाळची पहिली रात्रीच्या, कारण ती रात्रभर साठलेली असते.

आता हेच आकडे दर वेळी ७०-८० मिली आले असते, तेही दिवसरात्र, तर गोष्ट वेगळी होती. मग मूत्राशयात मावत नाही किंवा ते नीट रिकामं होत नाही, आणि तिथे प्रोस्टेटकडे बघणं बरोबर. चोवीस तासांची बेरीजच फार असेल, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे ४० मिलीच्या वर (६० किलोच्या माणसाला २४०० मिली), तर साखर तपासा, पाणी किती पितात ते बघा. चौथा प्रकार म्हाताऱ्या माणसांत पुष्कळ: जाग आधी येते, आणि जागे झालोच आहोत तर जाऊन येऊ म्हणून उठतात. म्हणून ‘लघवीच्या घाईने जाग आली की आधीच जागे होते’ एवढं शेजारी लिहा.

माझ्या पायांना संध्याकाळी सूज यायची, मोज्याचा वळ उठायचा. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर टाकतात. ॲम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीनेही पाय सुजतात. माझी तीच चालू होती. डॉक्टरांनी हृदय तपासलं, गोळी बदलली, दुपारी तासभर पाय उशीवर ठेवायला सांगितले. आता एकदा उठतो, फार तर दोनदा. अप्पा जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा. त्यानेही रात्री लघवी वाढते.

लिहायचं कसं? औषधाच्या दुकानात मिली छापलेला युरिन पॉट मिळतो, तो खाटेखाली ठेवा. अंधारात परसात जाऊन पडण्यापेक्षा ते बरं. घरचा तांब्या आणि चहाचा कप एकदा मापून ठेवा. आंबील, ताक, पातळ आमटी, सगळं पिण्यातच धरा. संडासात माप चुकलं तर वेळ लिहून पुढे फुली मारा, अंदाजाने आकडा घालू नका. तीन दिवस सलग नसले तरी चालतात, पण लग्नाचा, जत्रेचा, एसटीने कोल्हापूरला जायचा दिवस नको. प्रवासात माणूस पाणीच पीत नाही. आणि त्या दिवसांत सवयी सुधारू नका, नाहीतर वहीत भलताच माणूस येतो.

अप्पा उसाला पाणी पाजायला रात्री जात असतील, तर घड्याळ बघू नका. ते झोपतात ती त्यांची रात्र. पहाटे तीनला येऊन दहाला उठले तर तेवढीच.

लघवीत रक्त, जळजळीसोबत ताप, पोट तटतटून लघवीच न होणं, आडवं झाल्यावर दम लागणं, यातलं काही असेल तर वही ठेवा बाजूला आणि आधी दवाखाना गाठा. रात्रीची लघवी कमी करणारी एक गोळी आहे, डेस्मोप्रेसिन. कुणी सुचवलं म्हणून स्वतःच आणू नका; म्हाताऱ्यांत तिने रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं.

आपल्याकडे अर्धी फाईल बेळगावला, अर्धी मिरजेला, आणि अप्पांचं कानडी बाजारापुरतं. माझंही तसंच. वही पुढे केली तेव्हा डॉक्टरांनी मला काही विचारलंच नाही, बोटाने आकडे वाचत गेले आणि म्हणाले, “पाय दाखवा.” वहीसोबत चालू गोळ्यांची पाकिटंही न्या, आणि कुठली किती वाजता घेतात ते त्यावरच पेनाने लिहा. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी जात असेल तर वेळ बदलता येते का, ते त्यांनाच विचारा.