आईला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी नऊ वर्षं चालू आहे, आता तळपायांना मुंग्या येतात. हा गोळीचा दुष्परिणाम असेल का? गोळी बंद करावी का?

हो, गोळीचा हात असू शकतो. पण गोळी बंद करू नका. आधी आईंच्या रक्तातलं बी-१२ तपासून घ्या.

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६१ आहे, घर पूर्ण शाकाहारी आहे, मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू आहे आणि सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळीही आहे. वर्षभरापासून तळपायांना मुंग्या येतात, रात्री जळजळ होते. डॉक्टर म्हणतात शुगरमुळे होतंय. शेजारच्या काकू म्हणतात, ही गोळी किडनी खाते, बंद कर. तुम्हाला दोघांपैकी कुणाचं ऐकावं ते कळत नाही. मला वाटतं या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी शक्यता आहे, आणि तुम्ही जे तपशील दिलेत त्यात ती अगदी ठळक दिसते.

मी डॉक्टर नाही. पुण्यात क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधांच्या चाचण्यांमध्ये, समन्वयक म्हणून काम करते, बहुतेक ट्रायल मधुमेहाच्याच. संमतीपत्र समजावून सांगणं, डायऱ्या तपासणं, त्रासांची नोंद ठेवणं हे माझं रोजचं काम. दर भेटीला पेशंट उरलेल्या गोळ्यांची पाकिटं परत आणतात. मी त्या मोजते आणि विचारते, "मागच्या भेटीनंतर काही त्रास झाला का?" जुलाब, मळमळ, चक्कर असं काही झालं असेल तर लोक लगेच सांगतात, कारण गोळी सुरू केल्यावर चार-आठ दिवसांतच ते सुरू होतं. पायाच्या मुंग्या कुणी आपणहून सांगत नाही. "नाही मॅडम, सगळं बरं आहे," म्हणतात आणि उठतात. त्या इतक्या हळू येतात की अमुक तारखेपासून सुरू झाल्या असं सांगताच येत नाही. शिवाय मधुमेह म्हटला की पाय बधिर व्हायचेच, हे प्रत्येकानं ऐकलेलं असतं. म्हणजे दुष्परिणाम दिसतो हुबेहूब आजारासारखा. म्हणूनच तो निसटतो.

आधी गोळीची बाजू सांगते, कारण काकूंच्या बोलण्यानं तुम्ही घाबरलेले दिसताय. मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीपर्यंत जातं. १९५७ मध्ये पॅरिसचे डॉक्टर झां स्टर्न यांनी मधुमेहासाठी मेटफॉर्मिनचा वापर प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात वजन जास्त असलेल्या ३४२ जणांना मेटफॉर्मिन दिलं होतं आणि सरासरी दहा वर्षांहून जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. नुसत्या आहारावर असलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यातले एकूण मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी होते. इतकी स्वस्त आणि इतकी पारखलेली गोळी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून सोडण्यासारखी नाही.

किडनीचं म्हणाल तर ही गोळी किडनी खराब करत नाही. ती किडनीवाटेच बाहेर पडते, म्हणून किडनी आधीच कमजोर झाली असेल तर ती अंगात साठून रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. त्यासाठीच रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते याचा आकडा, काढतात, आणि तो ३० च्या खाली गेला की गोळी थांबवतात. फेनफॉर्मिन नावाचं तिचं एक भावंड होतं. त्यानं हा लॅक्टिक आम्लाचा त्रास फार जास्त व्हायचा, म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेनं ते बाजारातून काढलं. त्याची बदनामी मेटफॉर्मिनला आजही चिकटलेली आहे.

आता बी-१२. हे जीवनसत्त्व अन्नातून आलं की जठरात तयार होणारं एक प्रथिन त्याला धरतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत नेऊन पोचवतं. तिथं ते शोषलं जाण्यासाठी कॅल्शियम लागतं. मेटफॉर्मिन नेमकी त्या जागी कॅल्शियमच्या कामात आडवी येते, असं सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. एका लहान अभ्यासात कॅल्शियम दिल्यावर शोषण पुन्हा सुधारलेलं दिसलं होतं. (पण एवढ्यावरून आईंना मनानं कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नका, त्यांच्यासाठी तपासणीच महत्त्वाची.) पित्ताच्या गोळीनं जठरातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे अन्नातलं बी-१२ मोकळंच नीट होत नाही. आईंना दोन्ही गोळ्या चालू आहेत.

ही गोष्ट नवीन नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ नीट शोषलं जात नाही हे १९७१ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं होतं. तरी पक्का पुरावा यायला २०१० साल उजाडलं. नेदरलँड्समध्ये इन्शुलिनवर असलेल्या ३९० पेशंटचे दोन गट केले. एका गटाला मेटफॉर्मिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत, ना डॉक्टरला. साधारण सव्वाचार वर्षांनंतर मेटफॉर्मिनच्या गटातलं बी-१२ दुसऱ्या गटाच्या तुलनेत १९ टक्क्यांनी घसरलेलं होतं, आणि जसजसा काळ जात होता तसतशी घसरण वाढत होती. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासातल्या लोकांचं रक्त पुढे पाच वर्षांनी आणि तेरा वर्षांनी तपासलं. तिथंही मेटफॉर्मिन जितकी जास्त वर्षं, तितका कमतरतेचा धोका जास्त, हेच दिसलं. आता अमेरिकन डायबेटिस असोसिएशन अधूनमधून बी-१२ तपासायला सांगते, खास करून रक्तक्षय किंवा मुंग्या असतील तर. ब्रिटनच्या औषध नियामकानं जून २०२२ मध्ये बी-१२ ची घट हा या गोळीचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम असल्याचं सांगितलं.

इतकी वर्षं का लागली, याचा मी कामाच्या निमित्तानं पुष्कळ विचार केलाय. रोसिग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीवर २००७ मध्ये हार्ट अटॅकचा धोका वाढवते असा आक्षेप आला आणि २०१० मध्ये भारतात तिच्यावर बंदी आली. हार्ट अटॅक मोजता येतो, त्याला तारीख असते, हॉस्पिटलचा कागद असतो. बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि चांगलं खाणाऱ्या माणसाला तो काही वर्षं पुरतो. दोन-तीन वर्षांत गुंडाळलेल्या ट्रायलमध्ये कणगी रिकामी व्हायच्या आतच हिशेब बंद होतो.

आणि ती कणगी आपल्याकडे मुळात भरलेली असते का? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं यावर काम करत आहेत. त्यांनी पुणे परिसरातल्या खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तर ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी होतं. ही कुणी आजारी म्हणून आलेली माणसं नव्हती. सगळ्यात जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात होती. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासातही बहुसंख्य जणींचं बी-१२ कमीच निघालं. म्हणजे डच माणसाची भरलेली कणगी १९ टक्क्यांनी उतरली तर त्याला कदाचित काही जाणवणारही नाही. आपल्याकडच्या शाकाहारी बाईची कणगी आधीच तळाला टेकलेली असते. तिथून थोडं जरी गेलं तरी नसांवर येतं. परदेशातले टक्के वाचून "आपल्याला इतका धोका नाही" असं कुणी म्हणालं, तर हे नक्की सांगा.

माझी आत्या मिरजेला असते. दोन वर्षांपूर्वी गणपतीला आमच्याकडे आली, तिसऱ्या मजल्यावर जिना चढून. दार उघडलं तर तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी खालच्या वळणावर निसटून पडलेली. तिला पत्ताच नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, हे नेहमीचंच. खाली बघितल्याशिवाय कळत नाही आता." मेटफॉर्मिन बारा वर्षं चालू होती, फाइलीत तीन वर्षांपासून 'डायबेटिक न्यूरोपॅथी', म्हणजे शुगरमुळे झालेली नसांची इजा, असं लिहिलेलं आणि मुंग्यांसाठी रात्रीची एक गुंगीची गोळी. तिच्या साखरेचे आकडे इतके काही वाईट नव्हते, म्हणून मला शंका आली. मी तिला ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून तिच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"काय वाटतंय?"

"गार लागतंय."

"थरथर जाणवते?"

"नाही. नुसतं गार."

मग तोच फोर्क तिच्या मनगटाच्या हाडावर टेकवला आणि ती एकदम म्हणाली, "अय्या, हे होय!" पायाला काय जाणवायला हवं होतं हे तिला तेव्हा समजलं. तिचं बी-१२ निघालं ११८. हिमोग्लोबिन मात्र व्यवस्थित होतं, आणि म्हणूनच आधी कुणाला बी-१२ सुचलं नव्हतं. हिमोग्लोबिन चांगलं असूनही नसांना इजा होऊ शकते, विशेषतः पोटात फॉलिक अ‍ॅसिड जात असेल तर. फॉलिक अ‍ॅसिडनं रक्त सावरतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा. बी-१२ च्या कमतरतेनं रक्तक्षय झाला असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. मग साखर वाढली असं समजून मेटफॉर्मिनचा डोस वाढतो, आणि त्यानं बी-१२ आणखी खाली जातं. आईंच्या घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे आणि एचबीए१सी यांचा मेळ बसत नसेल तर हे लक्षात घ्या.

तर आता काय करायचं. कुठल्याही मल्टिव्हिटॅमिनच्या किंवा नसांच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या सुरू करण्याआधी रक्त द्या. एकदा बी-१२ पोटात गेलं की रिपोर्टमधला आकडा फुगतो आणि त्यावरून काही कळत नाही. आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता समजतात. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर तो काठावरचा, तेव्हा डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलॉनिक अ‍ॅसिड ही तपासणी सांगू शकतात. सोबत हिमोग्राम, क्रिएटिनिन आणि थायरॉइडही करून घ्या, कारण मुंग्यांची कारणं अनेक असतात. डॉक्टरांचं म्हणणंही बरोबर असू शकतं. शुगरनं नसा खराब होतातच, आणि एकाच माणसात दोन्ही कारणं असू शकतात. फरक इतकाच की शुगरनं झालेली इजा सहसा मागे फिरत नाही, बी-१२ ची वेळेत पकडली तर बरीचशी फिरते. म्हणून ते कारण आधी तपासून बाजूला करायचं.

डॉक्टरांना "गोळीनं केलं" असं सांगत जाऊ नका. "नऊ वर्षं मेटफॉर्मिन, शाकाहारी, सोबत पित्ताची गोळी, एकदा बी-१२ बघूया का?" एवढं म्हणा. पित्ताची गोळी किती दिवसांसाठी लिहिली होती आणि अजून लागते का, हेही त्याच वेळी विचारा. बऱ्याच घरांत ती वर्षानुवर्षं सवयीनं चालू राहते. कमतरता निघाली तरी मेटफॉर्मिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात आणि बी-१२ वरून देतात, इंजेक्शननं किंवा मोठ्या डोसच्या गोळीनं. दूध-दही चालू ठेवाच, पण नुसत्या दुधावर ही तूट भरून निघेल असं धरून बसू नका.

आणि दुष्परिणाम निघालाच तर त्याची नोंद करा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे ते काम आहे, १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल फ्री नंबर. डॉक्टरच नाही, पेशंट आणि घरचेही कळवू शकतात. फोन करताना औषधाचं नाव, डोस, कधीपासून चालू आहे आणि त्रास कधी सुरू झाला एवढं हाताशी ठेवा. हे मी कळकळीनं सांगते, कारण आपल्या माणसांच्या नोंदी आपणच केल्या नाहीत तर आपल्या गोळ्यांचे निर्णय डच आणि अमेरिकन आकड्यांवरच होत राहतील.

आत्याला इंजेक्शनं सुरू केल्यावर दोन-अडीच महिन्यांत रात्रीची जळजळ थांबली. गुंगीची गोळीही पुढे डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. मेटफॉर्मिन अजून चालू आहे. उजव्या अंगठ्याचा बधिरपणा मात्र राहिला, तो जाईल असं डॉक्टरांनाही वाटत नाही. चप्पल आता मागे पट्टा असलेली घालते.

आईंचा त्रास सुरू होऊन वर्षच झालंय, म्हणून तपासणी या आठवड्यात करा. रिपोर्ट आला की आकडा खाली कमेंटमध्ये लिहा, नाव आणि लॅबचा नंबर झाकून.