पब्लिकेशन काढलं, तरी डिस्क भरतेय

प्रश्न : आमच्या केळी व्यवहाराचा पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हर जळगावला आहे. त्याच्या डेटाची नक्कल घेणारं रावेर शाखेचं मशीन मोडीत काढलं, म्हणून इथे ‘ड्रॉप पब्लिकेशन’ चालवलं. तरी डिस्क भरतच चाललीय. काय राहिलं?

उत्तर : स्लॉट राहिला. पब्लिकेशन म्हणजे कोणती टेबलं पाठवायची याची नुसती यादी. ती गेली, पण रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे रावेरने कुठवर डेटा उचलला याची खूण, तुमच्या सर्व्हरवरच आहे आणि रावेरने न उचललेला वॉल (WAL, डेटातल्या बदलांची नोंदवही) तो पुसू देत नाही. ‘पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स’ बघा. रावेरच्या ओळीत ‘ॲक्टिव्ह’खाली ‘एफ’ (फॉल्स, म्हणजे कुणी जोडलेलं नाही) दिसेल. नाव नीट जुळवा, कारण चुकून चालू शाखेचा स्लॉट गेला तर तिचा डेटा पुन्हा भरावा लागतो. मग त्या नावाने ‘पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट’ चालवा. जागा पुढच्या चेकपॉइंटनंतर (सर्व्हर साठलेले बदल डिस्कवरच्या डेटा फायलींत लिहून टाकतो तेव्हा) मोकळी होते. कितीही घाई असो, ‘पीजी_वॉल’ या वॉलच्या फोल्डरमधल्या फायली हाताने उडवू नका; सर्व्हर पुन्हा उठेलच असं नाही.

दुसरं मशीन जिवंत असेल तेव्हा आधी तिथे ‘ड्रॉप सबस्क्रिप्शन’ करा (सबस्क्रिप्शन म्हणजे डेटा घेणाऱ्या बाजूची जोडणी), स्लॉटही सोबत जातो. पब्लिकेशन त्यानंतर. आवृत्ती 13 पासून ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज’ने स्लॉट किती वॉल धरून ठेवेल यावर मर्यादा घालता येते, मूळ किंमत -1, म्हणजे मर्यादाच नाही. ती बदलाच.