‘कानावर संशोधन’ करायचं तर शिकायचं काय?

प्रश्न: आमचं मिरजेत तंतुवाद्यांचं दुकान आहे. मुलगी अकरावी विज्ञानला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. ‘माणूस ऐकतो कसा, यावर मला संशोधन करायचंय’ असं ती काही महिन्यांपासून म्हणतेय. नातेवाईक म्हणतात, मग तिला कान-नाक-घशाची डॉक्टर करा. या विषयात पुढे काही आहे का? – एक पालक

उत्तर: नमस्कार. ज्या घराचं पोट कानावर चालतं, तिथल्या मुलीला कानाचंच कुतूहल वाटावं यात नवल नाही. डॉक्टरकीचा सल्ला चुकीचा नाही, पण तो तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही. एमबीबीएस आणि त्यावर एमएस अशी आठ-नऊ वर्षं ती मुख्यतः आजार आणि शस्त्रक्रिया शिकेल. रुग्ण बरे करायची ओढ असेल तर जरूर जावं.

या विषयातलं मोठं नाव जॉर्ज फॉन बेकेशी, आणि ते डॉक्टर नव्हते. शिक्षण भौतिकशास्त्राचं, नोकरी बुडापेस्टला टपालखात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत. टेलिफोनचा आवाज सुधारायचा, तर मुळात कान किती टिपतो हे कळायला हवं, म्हणून ते कानाकडे वळले. मृतदेहातला कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातली वाटाण्याएवढी शंखाकृती नळी, त्यांनी पाण्याखाली उघडली. आतल्या पारदर्शक पडद्यावर चांदीचे बारीक कण भुरभुरले आणि लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. आवाजाची लाट पडद्यावरून सरकत जात होती आणि प्रत्येक स्वराला ठरावीक जागी सर्वांत उंच उठत होती. तार, म्हणजे उंच, स्वर सुरुवातीलाच, खर्ज पार आतल्या टोकाशी. यासाठी 1961 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

पण ते कान मृत होते. जिवंत कान स्वर कितीतरी नेमका वेगळा काढतो. 1978 मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिलं की निरोगी कान स्वतःही अगदी हलका आवाज बाहेर टाकतो. कॉक्लियातल्या काही केसपेशी, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी, हलून आलेला आवाज वाढवतात, त्याचाच तो मागमूस. आज नवजात बाळाची श्रवणचाचणी बऱ्याचदा यावरच होते. माझ्या पुतण्याच्या मुलीची झाली तेव्हा मी शेजारी होतो. बाळ गाढ झोपलेलं, कानात मऊ रबरी बूच, आणि यंत्र बाळाच्या कानाचा आवाज ऐकतंय! तंत्रज्ञ बाई आम्हाला ‘बोलू नका’ म्हणून दटावत होत्या.

तेव्हा वाटा कोणत्या? लवकर पायावर उभं राहायचं असेल तर बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी (श्रवणशास्त्र) आणि वाचा-भाषा उपचाराची पदवी. इंटर्नशिप धरून चार वर्षं. पुढे व्यवसायाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, म्हणून कॉलेज मान्यताप्राप्त आहे का हे फी भरण्याआधी पाहा. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था या सरकारी संस्था आधी बघा. श्रवणयंत्रं, लहान मुलांच्या चाचण्या, कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बसवायचं विद्युत उपकरण, लावल्यानंतरचं प्रशिक्षण, असं काम असतं. तिथूनही एमएस्सी आणि पीएचडी करता येते.

दुसरी वाट भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्राची, उदाहरणार्थ पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत, आणि नंतर ध्वनिशास्त्र, मेंदूविज्ञान किंवा सिग्नल प्रोसेसिंगमध्ये (ध्वनीसारख्या संकेतांचं गणिती विश्लेषण) पीएचडी. पहिल्या पक्क्या नोकरीला तिशी उजाडू शकते, हे घरात आधीच बोलून घ्या. तुमच्या पत्रावरून मला तिचा कल या बाजूला वाटतो. ठरवायला अजून वर्ष आहे. तोवर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही सोडू देऊ नका, एवढा माझा हट्ट आहे.

तोपर्यंत तिला एक काम द्या. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून, एकही तार गंधाराची, म्हणजे ‘ग’ची, नसताना, गंधार ऐकू येतो हे तुम्ही जाणताच. खर्जाची तार सेकंदाला 70 वेळा कंपत असेल तर तिच्याच पाचव्या पटीला, 350 ला, तो बसलेला असतो. आवाजात कोणकोणती कंपनं आहेत ते दाखवणाऱ्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये तिला तो शोधू दे. मग तंबोरा रेकॉर्ड करून मोबाइलच्या स्पीकरवर लावा. इतका छोटा स्पीकर 70 ची कंपनं जवळजवळ काढूच शकत नाही, तरी खर्ज ऐकू येतो! वरच्या पटींवरून मेंदू तो स्वर ताडतो. फोनवर पुरुषाचा भारदस्त आवाज ओळखू येतो तोही असाच. या प्रयोगाची वही तिनं आपणहून भरली, तर दुसरी वाट धरा.

आणि तार गुंजावी म्हणून तुम्ही तंबोऱ्याची जवारी काढायला बसाल तेव्हा तिला शेजारी बसू द्या. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, सूत सरकवताना नेमकं कुठे थांबता आणि का, हे ती विचारेल. ‘ते कानाला कळतं’ एवढं सांगून सुटू नका, तिला तेच तर हवंय.