कॅसेटच्या शेवटी उरलेली तीन मिनिटं

डोंबिवली,
रविवार, दुपार

प्रिय बाळ,

तू पाठवलेली यादी उघडली. दोनशे चौदा गाणी. पहिल्या चार नावांपर्यंत गेलो, मग चहा टाकायला उठलो आणि परत आलोच नाही. काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, पोरगी रुसलीय, काकांना एवढ्या हौसेनं रॉकची यादी पाठवली तर त्यांनी साधा अंगठासुद्धा दाखवला नाही. म्हणून हे पत्र. अंगठा दाखवण्यापेक्षा वेळ लागतो, पण माझ्याकडे वेळ आहे.

गाणं मिळवायला तुम्हाला कष्ट पडत नाहीत म्हणून मी आता नाक मुरडणार, असं समजू नकोस. आमच्याकडे नव्हतं म्हणून आम्ही थोर, असं काही नसतं. तुझ्यासारखा फोन माझ्या खिशात असता तर मीही दोनशे चौदाच पाठवली असती. पण नव्हता, त्यामुळे एक गोष्ट आपोआप शिकायला मिळाली. ती तेवढी सांगतो.

आम्ही कॅसेट भरायचो. कोरी कॅसेट नव्वद मिनिटांची, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. एलपी म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, तिच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, म्हणून अख्खा अल्बम चाळीस-बेचाळीस मिनिटांचा. एक अल्बम ए साइडला, एक बी साइडला, हिशेब चोख. फक्त प्रत्येक बाजूच्या शेवटी तीन-चार मिनिटं रिकामी राहायची. ती तशीच सोडली की नुसता भुस्स आवाज. मग तिथे तिसऱ्याच कुठल्या तरी बँडचं एक गाणं घालायचं. एकच. जास्त मावायचंच नाही, आणि मिनिटाचा अंदाज चुकला की गाणं मध्येच तुटायचं.

ठाकुर्लीला माझा एक मित्र होता, ड्रम शिकत होता. तो मला कॅसेट भरून द्यायचा. अल्बम मी मागितलेले असायचे, पण ते शेवटचं गाणं त्याचं असायचं. त्यासाठी तो दोन-दोन दिवस डोकं खाजवायचा. मागच्या अल्बमच्या शेवटाला ते चिकटलं पाहिजे, तीन मिनिटं चाळीस सेकंदांत बसलं पाहिजे, आणि मी ते आधी ऐकलेलं नसलं पाहिजे. सगळं जमलं की बॉलपेनने बारीक अक्षरात आतल्या कार्डावर नाव लिहायचा आणि कॅसेटच्या डोक्यावरचे दोन्ही कान स्क्रू ड्रायव्हरने मोडून टाकायचा. ते कान मोडले की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. म्हणजे येतं, चिकटपट्टी लावली की येतं, पण मी कधी लावली नाही.

आज ते अल्बम मला जगात कुठेही मिळतात. पण त्यांच्यापेक्षा त्याने कडेला घातलेली गाणी मला जास्त पाठ आहेत. कारण ती माझ्यासाठी निवडली होती. तुझी यादी माझ्यासाठी नव्हती, बाळ. ती तुझीच होती, मला फक्त तिचा पत्ता मिळाला. त्या दोनशे चौदांतून मला एक दे. सोबत सांग की हे मलाच का. "भारी आहे" हे कारण नव्हे.

आता कॉन्सर्टचं. पुढच्या महिन्यात नेरूळला डी. वाय. पाटीलला जाते आहेस, पहिलीच मोठी कॉन्सर्ट. मी पंचवीस वर्षं साउंडचं काम केलं, त्यामुळे या बाबतीत थोडं अधिकारानं बोलतो.

माझी पहिली रंगभवनला. मेट्रो सिनेमापासून चालत, धोबी तलावाला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी. उघडं नाट्यगृह, वर छप्पर नाही. 1986 पासून तिथे ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला इंडिपेंडन्स रॉक व्हायचं, आय-रॉक म्हणायचो. ऑगस्ट म्हणजे पाऊस, त्यात उघडं नाट्यगृह, त्यात विजेवर चालणारी गिटार. आयोजकांच्या धाडसाला आजही हात जोडतो. त्याच रंगभवनात मार्च 1980 मध्ये 'द पोलिस' हा इंग्लिश बँड वाजवून गेला होता. तेव्हा मी चौथीत होतो, पण ज्यांनी ऐकलं ती मोठी पोरं नंतर कितीतरी वर्षं तेवढ्या एका संध्याकाळीवर जगली. आणखी मागचं सांगायचं तर 1972 मध्ये लेड झेपलिन बँडचे गिटारवाले पेज आणि गायक प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात त्यांनी वाजवलं. क्लब केवढासा! पण 'मी तिथे होतो' असं सांगणारे आजवर मला इतके भेटलेत, की त्या सगळ्यांना ओव्हल मैदानही पुरलं नसतं.

रंगभवनमध्ये एक गोष्ट बघायला मिळायची. लोकांना परदेशी बँडची गाणी हवी असायची, हुबेहूब. आपला बँड स्वतःचं गाणं वाजवायला लागला की खालून ओरडा व्हायचा, अर्धे लोक वडापाव खायला उठायचे. रॉक मशीन नावाच्या बँडने ते सहन करून स्वतःची गाणी वाजवली, 1988 मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला. पुढे 1993 ला तेच इंडस क्रीड झाले. मीही वडापाव खायला उठणाऱ्यांतला. आज लाज वाटते. म्हणून तुला सांगतो, मुख्य बँडच्या आधी जो कोणी वाजवतो त्याच्यासाठी वेळेवर जा. त्यांना साउंड चेकला धड वेळ मिळालेला नसतो, अर्धे लाइट बंद असतात, समोर लोक पाठ करून सेल्फी काढत असतात. तरी ते जीव तोडून वाजवतात. आवडलं तर टाळ्या वाजव, नाही आवडलं तर गप्प उभी राहा. उठून जाऊ नकोस.

रंगभवनात आता तो आवाज नाही. कामा आणि जीटी ही दोन्ही रुग्णालयं जवळ, कॉलेज खेटून. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले, रुग्णालयाच्या आणि शाळा-कॉलेजच्या शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरलं, आणि तिथली रॉकची रात्र संपली. वाईट वाटलं. पण माझी आई नंतर त्यातल्याच एका रुग्णालयात अकरा दिवस होती, आणि रोज रात्री तिच्या उशाशी बसताना तो नियम मला फार शहाणा वाटला. दोन्ही खरं आहे. तुला यातलं एकच निवडायला कोणी लावलं तर निवडू नकोस.

आता आठवणींचं एक गंमतशीर. मला लख्ख आठवतं, माझ्या दुसऱ्या आय-रॉकला धो धो पाऊस आला, ठाकुर्लीच्या मित्राने रेनकोट काढून समोरच्या ॲम्पवर टाकला आणि आम्ही दोघं भिजत उभे. ही गोष्ट मी तीस वर्षं सांगितली. तुझ्या आईलाही सांगितली असेल. मागच्या वर्षी तो मित्र भेटला. म्हणाला, रेनकोट माझा नव्हताच, आणि तू त्या वर्षी आलाच नव्हतास, तुला कांजिण्या झाल्या होत्या. मीच तुला येऊन सांगितलं होतं. आम्ही तासभर भांडलो. त्याची बायको कंटाळून झोपायला गेली. घरी येऊन जुनी वही काढली. कांजिण्या होत्या.

तर सांगायचं असं, की त्या रात्रीच लिहून ठेव. गाण्यांची नावं नको, ती दुसऱ्या दिवशी कुठेही मिळतील. शेजारी कोण उभं होतं ते लिही, बूट कुठे चावला, कुठल्या क्षणी कंटाळा आला. कंटाळाही येतो, तीन तासांत येतोच, तो लपवू नकोस.

माझ्या वहीतलं एक पान उतरवतो. 1 फेब्रुवारी 2008, शुक्रवार, बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. आयर्न मेडन या बँडचा त्या वेळचा जागतिक दौरा आपल्या मुंबईतून सुरू झाला. स्वतःच्या बोइंग 757 ने आले होते, सामानासकट, आणि विमान चालवायला खुद्द गायक, ब्रूस डिकिन्सन. हे सगळं छापून आलेलं, ते वहीत नाही. वहीत असं आहे: "माझ्या डावीकडे एक माणूस. चाळिशीचा. पांढरा फुल शर्ट, इस्त्रीचा. टाय गुंडाळून खिशात, टोक बाहेर. लॅपटॉपची बॅग लहान मुलासारखी छातीशी. बहुतेक शेजारच्याच कुठल्या बँकेतून सुटून आलेला. एक शब्द बोलला नाही. गिटारची धून सुरू झाली आणि सगळं मैदान ती तोंडाने गायला लागलं, ओ-ओ करत. तो डोळे मिटून गात होता. बेसूर. कुर्ल्यापर्यंत शेअर रिक्षात आम्ही एकत्र आलो, तो रिक्षावाल्याशी भांडला, मग मला म्हणाला, उद्या सहामाही क्लोजिंग आहे."

सहामाही फेब्रुवारीत कशी, हा प्रश्न मला त्या रात्रीही पडला होता, कंसात उद्गारचिन्ह आहे. काय म्हणाला असेल कोण जाणे, कान बधिर होते.

कानांवरून आठवलं. हे नीट वाच. पंच्याऐंशी डेसिबल आवाज आठ तास सोसतो असं धरतात. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला पंधरा मिनिटं उरतात. स्पीकरच्या थप्पीसमोर शंभर म्हणजे काहीच नाही. मी तिशीत एका जत्रेतल्या ऑर्केस्ट्राला सलग तीन रात्री थप्पीच्या डाव्या बाजूला उभा राहिलो, कानात प्लग न लावता, कारण प्लग लावणारा साउंडवाला म्हणजे हसं. चौथ्या दिवशी सकाळी डाव्या कानात शिटी सुरू झाली. बारीक, कुकरच्या शिटीआधी वाफ फुसफुसते ना, तशी. ती अजून चालू आहे. आत्ता हे लिहितानाही.

उभं कुठे राहायचं? पुढे घुसू नकोस. मैदानाच्या मध्यावर एक तंबू दिसेल, सगळे आवाज जुळवणाऱ्या मिक्सरचा. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाला जे बरं वाटेल तेच सगळ्यांना ऐकवतो, म्हणून सर्वांत चांगला आवाज त्याच्या आजूबाजूला. फार मागे गेलीस तर गंमत बघ. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर जवळपास तीन दशांश सेकंद उशीर. पडद्यावर ड्रमरची काठी आधी पडते, ठोका नंतर. त्यासाठी मध्ये खांबांवर जादा स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच मागे ठेवतात. हे गणित चुकलं की गाणं दोनदा ऐकू येतं. मी एकदा चुकवलंय. मालकाने त्या रात्रीचे पैसे कापले, बरोबर कापले.

बाकी बारीकसारीक: जुने बूट. मैत्रिणींशी आधीच एक जागा ठरवा, गर्दीत फोन लागत नाही. हार्बरची शेवटची गाडी बघून ठेव. आणि एक गाणं, कुठलंही एक, फोन खिशात ठेवून ऐक. बाकीची खुशाल रेकॉर्ड कर, मला सांगू नकोस.

आजोबांचंही विचारलंस. ते सवाईला पुण्यात रात्र रात्र बसलेले, त्यांना रॉक कसं पटवायचं. हेही आपल्या रागदारीसारखंच आहे, असं मात्र सांगू नकोस. ते नाही तसं, आणि त्यांना ते पहिल्या मिनिटात कळेल. मोठा आवाज आहे, तर मोठा आहे म्हण. एकच गाणं लाव, त्यांच्या शेजारी बस आणि ड्रमकडे लक्ष द्यायला सांग. समेवर मान हलवायची त्यांना जन्माची सवय आहे. मान हलली तर दुसरं लाव. नाही हलली तर त्यांना त्यांचं लावू दे आणि तूही पूर्ण ऐक. तेही वाटून घेणंच झालं.

मला पाठवायचं ते एक गाणं लवकर ठरव. घाई नाही, पण लवकर.

तुझा,
काका

ता. क. पाकिटात इअरप्लगची जोडी आहे, फोमची. चिमटीत वळून सुतासारखी बारीक करायची, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत बोट ठेवायचं. घरी दोन-तीनदा करून बघ, तिथे गर्दीत कुस्करत बसू नकोस. दुसरी जोडी तुझ्या मैत्रिणीला.